चांगली काच बिघडवायची

माझ्या हातून अख्ख्या नोकरीत एकच काच बिघडली, आणि ती मी चांगली केल्यामुळे बिघडली. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. पण ती काच माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची होती, आणि त्या दिवशी ती हसली नव्हती.

मी काच घासते. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, माझी खोली आहे. दोन फिरती टेबलं, एक नळ, एक पिवळा दिवा, राळेच्या थाळ्या आणि कोपऱ्यात रेघा मारायचं जुनं यंत्र, एवढाच तिथला संसार. वरच्या मजल्यांवरचे शास्त्रज्ञ काचा पाठवतात आणि मी त्या सपाट करून देते. सपाट म्हणजे टेबलासारखं सपाट नव्हे. घासलेली काच कसोटीच्या काचेवर ठेवून पिवळ्या दिव्याखाली धरली की दोन्हींच्या मधल्या फटीत काळे-पिवळे पट्टे उमटतात. पट्टे वाकडे, तर काच वाकडी. माझे पट्टे फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ येतात. गर्व म्हणाल तर गर्व. एकतीस वर्षं कंबर मोडेपर्यंत घासल्यावर थोडा गर्व माणसाला शोभतो.

धाकटी माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती दुसरीत होती. मी शिक्षण सोडून इथे लागले आणि ती शिकत गेली. शिकतच गेली, इतकी की शेवटी बरोबर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर स्वतःची प्रयोगशाळा थाटून बसली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी चारचौघांत म्हणते आणि ती माझ्यावर डोळे वटारते. खरं सांगायचं तर तिच्या दारावरची पाटी मी रोज सकाळी वाचते. माझी खोली तळमजल्यावर, तरी जिना चढून जाऊन वाचते.

तिचं काम अणूंचं. एक मोठी पोलादी टाकी आहे, तिच्यातली हवा पंपांनी उपसून काढलेली. त्या टाकीत ती लेझरने अणूंचा वेग मारते. एरवी बंदुकीच्या गोळीसारखे पळणारे अणू ती मुंगीच्या चालीवर आणते आणि मग माझ्या काचेच्या अंगावरून, अगदी निसटते, सोडते. पलीकडे मोजणीचं यंत्र आहे. जो अणू काचेकडून परतला त्याचा पडद्यावर एक ठिपका पडतो.

आणि तिचा दावा काय, तर हे परतणारे अणू काचेला शिवतच नाहीत. काचेच्या अलीकडूनच मागे फिरतात.

"म्हणजे काच त्यांना ढकलते?" मी एकदा तिला विचारलं होतं.

"नाही गं ताई. ओढते. कुठलीही वस्तू जवळ आलेल्या अणूला थोडंसं ओढतेच."

"ओढते, आणि तरी ते मागे फिरतात?"

"हो."

"तू सकाळपासून काही खाल्लंयस का?" मी म्हटलं, आणि विषय तिथेच संपला. तेव्हा संपवायला नको होता, हे आता कळतं.

दोन वर्षं ती हे दाखवायला धडपडत होती. शंभर अणू सोडले की दोन-तीन परतायचे. पण भलतीकडून भरकटत आलेल्या अणूंचे खोटे ठिपकेही तेवढेच पडायचे, त्यामुळे खरे कुठले आणि खोटे कुठले, सांगता येईना. शेवटी संचालकांनी तारीख दिली. एकवीस तारखेला, सोमवारी सकाळी अकरा वाजता, ते स्वतः बघायला येणार. स्पष्ट दिसलं तर ठीक, नाहीतर टाकी, पंप, लेझर आणि खोली शेजारच्या गटाला जाणार, आणि धाकटीने त्याच गटात दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं. हे मला तिने सांगितलं नाही. तिच्याकडचे पंप सांभाळणारे गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना पंपवालेच म्हणतो, त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. मला भयंकर राग आला. जिच्या वेण्या घातल्या, ती आपल्या पोटावर पाय येतोय हे मला सांगत नाही आणि ते मी पंपवाल्यांकडून ऐकायचं! तिने सांगेपर्यंत आपण अवाक्षर विचारायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

बुधवारी, म्हणजे नऊ तारखेला, पंपवाले माझ्या टेबलावर एक चपटी डबी ठेवून गेले. "वरची आहे. धुऊन हवी आहे," एवढंच म्हणाले. ते गृहस्थ बोलायचे पैसे पडतात असं समजून बोलतात.

मी डबी उघडली, काच भिंगाखाली धरली आणि कपाळाला हात लावला. ती काच नव्हती, नांगरलेलं शेत होतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चरच चर, आणि दोन चरांच्या मधे सुरीच्या धारेसारखे बारीक उंचवटे, तेही एक उंच, एक बुटका. मला वाटलं, कुणीतरी करवतीने कापलेली काच न घासताच हिच्या गळ्यात मारली. बारा दिवस राहिलेत आणि पोरीला असला माल!

कुणीही शहाणी बाई अशा वेळी वर फोन करून विचारते. पण मी रुसलेली होते ना. विचारायचं नाही म्हणजे नाही. शिवाय मनात एक गोड कल्पनाही होती, ती कशाला लपवू. आपण गुपचूप काच ठीक करायची, नेऊन हातावर ठेवायची, आणि मग तिला आपोआप कळेल की ताईला सगळं आधीच ठाऊक होतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

बुधवार, गुरुवार मी मान वर केली नाही. आधी जाड भुकटीने चर खाली उतरवले, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी चकाकी आणायला राळेच्या थाळीवर गुलाबी भुकटी. शुक्रवारी दुपारी पिवळ्या दिव्याखाली पट्टे सरळ आले. मी हात धुतले, केस नीट केले आणि डबी घेऊन वर गेले.

धाकटीने डबी उघडली. काच उजेडात तिरकी धरली. मग उलटी करून पाहिली.

"ताई, रेघा कुठायत?"

"कसल्या रेघा?"

"यावरच्या."

"काढल्या की! दोन दिवस लागले. कुठल्या गाढवाने कापली होती गं ती?"

ती खुर्चीवर बसली. पंपवाले भिंतीकडे तोंड करून एक नट घट्ट करायला लागले, जो आधीच घट्ट होता.

"त्या रेघा मुद्दाम मारून घेतल्या होत्या," ती म्हणाली. "काच यायला सहा महिने लागले."

काय होऊन बसलं ते मला तेव्हाच कळलं. पण माझा स्वभाव असा की चूक माझी असली की आवाज आधी माझाच चढतो. "मग चिठ्ठी लावायला काय झालं होतं?"

"धुवायला पाठवली होती ताई! नुसती धुवायला!"

"माझ्याकडे कुणी काच नुसती धुवायला पाठवत नाही!"

हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले की कॉरिडॉरमधून जाणारा एकजण थांबला. मी तशीच पाय आपटत खाली आले, दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसून राहिले. एकतीस वर्षांत मला माझ्या हातांची कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

पंधरा-वीस मिनिटांनी दार वाजलं. धाकटी आत आली आणि समोरच्या स्टुलावर बसली. तिचे डोळे लाल होते. माझेही असणार.

"त्या रेघांनी काय होणार होतं?" मी विचारलं. "पहिल्यापासून सांग. आणि तुझ्या पुस्तकाच्या भाषेत नको."

तिने खिडकीकडे बोट दाखवलं. "त्या तावदानात तू दिसतेस?"

"अंधुक दिसते."

"तावदानानं प्रकाश अडवलाय का? आरपार जायला मोकळीक आहे की नाही?"

"आहे. तरी काचेच्या एकेका बाजूवरून शंभरातले चार भाग परत येतात. हे तू मला शिकवतेस?"

"येतात, पण का येतात?"

आता गंमत बघा. काचेवरून चार परत येतात हे मला पहिल्या वर्षापासून पाठ. का येतात, हे एकतीस वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं.

"हवा संपून काच एकदम सुरू होते म्हणून," ती म्हणाली. "प्रकाश म्हणजे लाट. लाटेच्या वाटेत काहीही एकदम बदललं की तिच्यातला थोडा भाग मागे फिरतो. त्यासाठी भिंत लागत नाही, धक्का मारणारं कुणी लागत नाही. नुसता अचानक झालेला बदल पुरतो."

"बरं. पण अणू म्हणजे लाट थोडीच आहे?"

"तोच तर घोळ आहे. मोजायला गेलं की तो कण, पडद्यावर एकेकाचा एकच ठिपका पडतो. पण वाटेनं जाताना तो लाटेसारखा जातो. आणि जितका हळू, तितकी त्याची लाट लांब. म्हणून मी त्यांना इतकं हळू करते."

"आणि काचेची ओढ?"

"ती लांबवर नसल्यासारखीच असते. काचेच्या जवळ आलं की वाढायला लागते, आणि भराभर वाढते. आता पळत येणारा अणू घे. त्याची लाट आखूड. तिच्या मानानं ती वाढ हळूहळू होत असते, म्हणून ती सरळ घसरत जाऊन काचेवर आदळते. हळू अणूची लाट लांब. तिच्या मानानं तीच वाढ..." ती शब्द शोधत थांबली.

मी दाराकडे बघत होते. माझ्या खोलीला जुना दगडी उंबरा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कड गोल झालेला. "उंबऱ्याची ती कड मुंगीला उतार आहे," मी म्हटलं. "मुंगी आरामात चढते-उतरते. आपल्याला तीच कड पायरी. ठेच लागते ती आपल्याला, मुंगीला नाही."

धाकटीने मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. "ताई, हे मी व्याख्यानात सांगू?"

"सांग. म्हणजे लांब लाटेला ठेच लागते आणि ती तिथूनच मागे फिरते. काच अजून पुढे असतानाच."

"बरोब्बर. आता रेघा. काचेत चर काढले की काचेत काच कमी उरते. म्हणून ओढ कमी. ओढ कमी असली की अणू काचेच्या बराच जवळ येईपर्यंत संथ राहतो, त्याची लाट लांब राहते, आणि तिथे ओढ अगदी झटक्यात वाढते. पायरी आणखी उभी होते."

"म्हणजे काच जितकी कमी ओढेल तितके जास्त परत फिरतील."

"हो. उलटं वाटतं, पण तसंच आहे."

सगळं समजलं, आणि समजल्यावर एक गोष्ट टोचायला लागली. "मग दोन वर्षं मी तुला काचा घासून दिल्या, त्याचं काय गं?" मी विचारलं. "तुझा अणू त्या घासलेल्या अंगाला शिवतसुद्धा नाही."

ती मान खाली घालून म्हणाली, "म्हणूनच तुला सांगितलं नाही. तू सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन माझ्या काचा घासायचीस. तुला कुठल्या तोंडानं सांगू की तुझ्या काचेवर ओरखडे मारून हवेत? म्हणून बाहेरून मागवली. आणि तारखेचंही नाही सांगितलं. तुला झोप लागली नसती."

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. मला दुखवायला नको म्हणून ती गप्प, आणि ती गप्प म्हणून मी रुसलेली. दोघींच्या प्रेमापायी सहा महिन्यांची काच माझ्या नळातून गटारात गेली होती.

"डोळे पूस," मी म्हटलं. "चर किती अंतरावर हवेत?"

"कशाला?"

"विचारतेय त्याचं उत्तर दे."

तिने सांगितलं. एका केसाच्या जाडीत दोन चर. मधली धार जितकी बारीक तितकी बरी. आणि सगळ्या धारांचे माथे एका पातळीत हवेत, नाहीतर परतणारे अणू इकडेतिकडे पांगतात आणि मोजणीत येत नाहीत.

"एका पातळीत!" मी स्टुलावरून उठलेच. "अगं मग ती पातळी माझं घासकाम ठरवणार! आधी काच सपाट, मग चर, म्हणजे सगळे माथे आपोआप सपाट. तुझ्या त्या बाहेरच्या काचेचे माथे एक वर एक खाली होते, मी भिंगातून पाहिलेत. आली होती तशी वापरली असतीस तरी तोंडावर आपटली असतीस."

"खरंच?"

"मी काचेबद्दल खोटं बोलत नाही."

कोपऱ्यातलं रेघांचं यंत्र सूक्ष्मदर्शकाच्या मोजपट्ट्या काढायला घेतलेलं. आता पट्ट्या तयार येतात, म्हणून ते झाकून ठेवलेलं. पट्टी काढायची रीत अशी: काचेवर पातळ मेण चढवायचं, यंत्राच्या टोकाने मेणात रेघा मारायच्या आणि काच आम्लात सोडायची. मेण असेल तिथे आम्ल काचेला हात लावत नाही. रेघ असेल तिथे ते काच खातं, खोलही आणि आडवंही. जितका वेळ ठेवाल तितका चर रुंद होतो आणि मधली धार बारीक होत जाते. माथ्यावर मात्र मेणाखाली माझं घासकाम शाबूत. धाकटीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे तुला येतं, हे मला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "विचारलंस कधी?"

शनिवार-रविवार आम्ही दोघींनी रद्दी तुकड्यांवर काढला. पंधरा मिनिटं आम्लात ठेवलं तर धारा जाड राहत होत्या. वीस मिनिटं ठेवलं तर धारा कोसळून नुसता चिखल उरत होता. अठरा मिनिटांना जमलं.

प्रश्न राहिला, खरी काच कुठली घ्यायची. घाईने घासलेली ती काच नको, कारण जाड भुकटीचे घाव आत खोल राहिलेले असतात आणि आम्ल ते सगळे उघडे करतं. मी कपाट उघडलं आणि तलम कापडात गुंडाळलेली एक काच काढली. अकरा आठवडे घासलेली, माझ्या हातची सगळ्यात सपाट. निवृत्तीच्या दिवशी घरी न्यायची म्हणून ठेवलेली.

"ती नको," धाकटी म्हणाली.

"का? कपाटात ठेवून ती काय अंडी घालणार आहे?"

बोलले खरी, पण त्यावर मेण ओतताना माझा हात एकदा थांबला, हे कबूल करते.

सोमवारी रेघा मारल्या. साडेसातशे. प्रत्येकीला अर्धं मिनिट. खोलीत वारा नको, कुणाची ये-जा नको, म्हणून धाकटी दाराबाहेर स्टूल टाकून राखणीला बसली. मी दर पन्नास रेघांनी भिंगातून पाहत होते. चारशेच्या पुढे एकदा यंत्राच्या टोकाला मेणाचा कण चिकटून एक रेघ जाड आली. मी टोक पुसलं आणि पुढे गेले. साडेसातशेत एक जाडी खपून जाते. पाच वाजता उठले तेव्हा पाठ सरळ होईना, पण मन अगदी खूश होतं. इतकं देखणं काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी आम्ल. धूर ओढून घेणारा पंखा लावला, जाड हातमोजे, तोंडावर ढाल. धाकटी मागे घड्याळ घेऊन उभी. दहा मिनिटं झाली, बारा झाली. चौदाव्या मिनिटाला मला आम्ल चढल्यासारखं वाटलं. काचेलगतची हालचाल शनिवारी होती त्यापेक्षा जिवंत दिसत होती. बाहेर ऊन होतं आणि खोली तापलेली होती. गरम आम्ल भराभर खातं.

"सतरा," धाकटी म्हणाली.

मी चिमटा घातला.

"ताई, अठरा ठरलंय! एक मिनिट राहिलंय!"

"ठरलं ते थंड खोलीत."

"मी आकडे लिहून ठेवलेत, ताई, अठराच..."

"तू अणू सांभाळ. आम्ल मला कळतं." आणि काच काढून मी पाण्याखाली धरली.

मेण उतरवून भिंगाखाली ठेवली तेव्हा आधी मी बघायचं धाडस केलं नाही, तिलाच बघायला लावलं. ती बराच वेळ डोळा लावून होती.

"उभ्या आहेत," ती म्हणाली. "सगळ्या उभ्या आहेत. अजून एक मिनिट राहिली असती तर..." ती बाजूला सरली. मग मी पाहिलं. साडेसातशे धारा, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर एकच सरळ उजेड.

बुधवारी काच टाकीत गेली. पंपवाल्यांनी पाच दिवस पंप चालू ठेवले. सोमवारी अकराला संचालक आले. उंच, किडकिडीत माणूस, खुर्ची दिली तरी बसत नाही. मी दाराशी उभी होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण जायलाही कुणी सांगितलं नाही.

धाकटीने आधी भरधाव अणू सोडले. शंभरातले चार परतले. "हे पूर्वीही दिसत होतं," संचालक म्हणाले.

तिने वेग कमी केला. अकरा.

आणखी कमी. एकोणीस. पडद्यावर ठिपके एका जागी साचायला लागले.

"आणखी हळू करते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अजिबात कापला नाही. त्या आवाजाचा मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

चौतीस.

"हे काचेवर आदळून उसळत नसतील कशावरून?" संचालकांनी विचारलं.

"आदळले असते तर चिकटले असते, नाहीतर वाटेल तिकडे उधळले असते. हे सगळे एका जागी येताहेत. आणि जितके हळू सोडावेत तितके जास्त परतताहेत. भरधाव अणू काचेपर्यंत पोचतात. हळू अणू पोचायच्या आधीच फिरतात." तिने मागची दोन वर्षांची वही शेजारी ठेवली. "साध्या काचेवर आणि या काचेवर, दोन्हीकडे वेगाचा नियम तोच. फक्त या काचेची ओढ कमी आहे, म्हणून आकडा वर आलाय."

संचालकांनी तिला आणखी दोनदा तेच करायला लावलं. तेहतीस आणि पस्तीस. मग त्यांनी टाकीत घालण्याआधी काढलेलं काचेचं छायाचित्र मागून घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन पाहिलं. "कुठून करून घेतली?"

"खालून," धाकटी म्हणाली. "माझ्या ताईकडून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "खोली तुमच्याकडेच राहील. अहवाल पाठवा." एवढं बोलून गेले. पंपवाले माझ्याकडे बघून चक्क हसले. त्यांचे दात मी पहिल्यांदाच पाहिले.

ते चहा आणायला गेले आणि आम्ही दोघीच उरलो. मला वाटलं, आता धाकटी येऊन गळ्यात पडेल. पण ती पडद्याकडे बघत ओठ चावत होती. लहानपणी गणित सुटल्यावरही ती पुढचं पान उलटून बघायची.

"ताई," ती म्हणाली, "चौतीसच आले."

"मग? कमी आहेत?"

"धारेची जाडी निम्मी झाली तर पन्नासाच्या वर जातील." मग ती माझ्याकडे वळली. "यापेक्षा जास्त बिघडवून देशील?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. "देईन. पण धार तितकी बारीक उभी राहायची तर काच याहून सपाट लागेल. घासायला तीन महिने तरी जातील."

"जाऊ देत," ती म्हणाली. "आता खोली आपली आहे."

आपली म्हणाली ती. मी ऐकलं, आणि घाईने खाली निघाले, कारण तिच्या त्या लेझरच्या खोलीत ओलावा अजिबात चालत नाही.